आचार्यांचा दरारा आणि आचार्यांची झोपडी

दूरदर्शनवर 'चाणक्य' ही मालिका ८ सप्टेंबर १९९१ रोजी सुरू झाली आणि ४७ भागांनंतर ९ ऑगस्ट १९९२ रोजी संपली. वैद्यकशास्त्राचे शिक्षण घेतलेल्या डॉ. चंद्रप्रकाश द्विवेदी यांनी तिचे लेखन-दिग्दर्शन तर केलेच, शिवाय आचार्य चाणक्यांची भूमिकाही स्वतःच साकारली. त्यानंतर एक पिढी उलटली. दूरदर्शनची मक्तेदारी संपली, शेकडो वाहिन्या आल्या, २०२०च्या टाळेबंदीत ही मालिका पुन्हा दाखवली गेली आणि आज तिच्यातील संवादांचे तुकडे भ्रमणध्वनीवरून घरोघरी पोहोचत आहेत. मालिका संपल्यानंतर जन्मलेल्या तरुणांनाही त्यातील काही भाषणे तोंडपाठ असतात.

मालिका चालू असताना तिच्यातील भगवे ध्वज आणि 'हर हर महादेव'चा घोष यांवरून बराच वाद झाला. तो वाद आता जुना झाला. त्या गदारोळात एक साधा प्रश्न मात्र मागे राहिला, आणि तो आज अधिक महत्त्वाचा आहे. हा चाणक्य पहिल्यापासून शेवटपर्यंत आज्ञा देत असतो. तो विनंती करत नाही, समजूत घालत नाही, क्वचितच हसतो. शिष्यांना फटकारतो, राजांना सुनावतो, ज्याला सिंहासनावर बसवले त्यालाही काय करावे आणि काय करू नये हे सांगतो. असा माणूस आपल्या घरात असता, आपल्या संस्थेचा अध्यक्ष असता, तर आपल्याला आवडला असता काय? आणि पडद्यावर तो आवडतो, तर नेमके काय आवडते?

हा प्रश्न केवळ मनोरंजनाचा नाही. पडद्यावरचा नायक पाहून माणसे बोलण्याची ढब उचलतात. सार्वजनिक कामात पडलेला तरुण चाणक्याची ध्वनिचित्रफीत पाहतो, तेव्हा नेतृत्व म्हणजे काय याची एक प्रतिमा त्याच्या मनात तयार होत असते. ती अर्धवट तयार झाली, तर त्याची किंमत त्याच्या सहकाऱ्यांना आणि अखेर कार्याला मोजावी लागते.

कठोरपणाची जाणीव असलेला माणूस

मालिकेतील चाणक्याच्या कठोरपणाला एक इतिहास आहे. बालपणीच पित्यावर झालेला राजसत्तेचा अन्याय, मगध सोडून जाणे, तक्षशिलेत आचार्यपद, डोळ्यांदेखत आंभीने अलक्षेंद्राशी केलेली हातमिळवणी आणि मग धननंदाच्या सभेत झालेला अपमान. मोकळी सुटलेली शिखा ही त्या अपमानाची खूण. हे सर्व प्रेक्षकाने पाहिलेले असते. म्हणून आचार्य जेव्हा एखाद्या शिष्यावर कडाडतात, तेव्हा प्रेक्षक त्या शब्दांमागची तळमळही ऐकतो.

येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. प्रेक्षकाला जे दिसते, ते शिष्याला दिसत नाही. नायकाची एकांतातील घालमेल, त्याचे रात्रीचे जागरण, त्याचा हेतू हे सारे कॅमेरा आपल्याला दाखवतो. प्रत्यक्ष जीवनात असा कॅमेरा नसतो. सहकाऱ्याला फक्त चढलेला आवाज ऐकू येतो. त्यामुळे मालिकेतला कठोर नायक आवडतो म्हणून प्रत्यक्षातही कठोर माणूस आवडेल, हे गणितच चुकीचे आहे. माझा हेतू शुद्ध आहे, मग माझ्या बोलण्याचा कोणी राग का मानावा, असे म्हणणारे अनेक सज्जन असतात. हेतू शुद्ध असेलही. पण तो समोरच्यापर्यंत पोहोचवण्याचे काम त्यांनाच करावे लागते. पार्श्वसंगीत ते करून देत नाही.

विशाखदत्ताच्या 'मुद्राराक्षस' या सात अंकी संस्कृत नाटकाला ही जाण आहे. चाणक्याची जी प्रतिमा पुढच्या सर्व नाटक-मालिकांनी घेतली, तिचा फार मोठा भाग या नाटकातून आला आहे. पहिल्याच अंकात चाणक्य बसायला आसन मागतो. शिष्य सांगतो की आसन तर आधीच मांडून ठेवले आहे. त्यावर चाणक्याचे उत्तर मार्मिक आहे. आपल्याला अस्वस्थ केले आहे ते कामाच्या व्यापाने. शिष्यांशी खेकसून वागण्याची गुरुजनांची जी स्वाभाविक खोड असते, ती याचे कारण नाही, असा खुलासा तो त्या मुलापाशी करतो. नंदकुळाचा उच्छेद करणारा हा पुरुष एका शिष्यापाशी आपल्या त्राग्याचे कारण सांगतो, हे लहानसे स्थळ त्याच्या सर्व गर्जनांइतकेच महत्त्वाचे आहे. आपला स्वर चढला आहे हे ज्याला कळते आणि ते बोलून दाखवण्यात ज्याला कमीपणा वाटत नाही, त्याचा दरारा माणसे सहन करतात. ज्याला ते कळतच नाही, त्याच्यापासून हळूहळू दूर होतात.

आज्ञेचा अधिकार कोठून आला?

चाणक्य आवडतो याचे दुसरे आणि अधिक खोलवरचे कारण याच नाटकाच्या तिसऱ्या अंकात आहे. राजवाड्यातील वृद्ध कंचुकी राजाचा निरोप घेऊन चाणक्याच्या घरी येतो. सम्राटाच्या महामंत्र्याचे ते घर. तेथे काय आहे? शेण्या फोडण्यासाठी एक दगड. शिष्यांनी आणून टाकलेला दर्भाचा ढीग. वाळत घातलेल्या समिधांच्या भाराने वाकलेले छप्पर आणि मोडकळीस आलेल्या भिंती. हे पाहून कंचुकीच्या मनात जो विचार येतो, तो आपल्या प्रश्नाचे उत्तरच आहे. चंद्रगुप्तासारख्या सम्राटाला हा मनुष्य 'महाराज' न म्हणता सरळ 'वृषल' म्हणून हाक मारतो, ते त्यालाच शोभते, असे तो म्हणतो. ज्याला काहीच नको आहे, त्याच्या लेखी राजाही गवताच्या काडीसारखा.

राजवाड्यात आयुष्य घालवलेल्या म्हाताऱ्या सेवकाने ओळखलेले हे मर्म आहे. राजाची स्तुती करणारे शेकडो लोक त्याने पाहिले असतील. स्तुतीच्या मुळाशी अपेक्षा असते हे त्याला ठाऊक आहे. येथे पहिल्यांदाच असा मनुष्य दिसतो की जो राजाला दटावतो आणि राजाकडून काहीही घेत नाही. त्याची आज्ञा कोणाला बोचत नाही, कारण त्या आज्ञेतून त्याच्या घरात एक कवडीही जात नाही.

मालिकेतील चाणक्याच्या अंगावरचे साधे वस्त्र ही केवळ वेशभूषा नाही. तो ज्या अधिकाराने बोलतो, त्या अधिकाराचे ते मूळ आहे. घरगुती मालिकांशी तुलना केली म्हणजे हे अधिक स्पष्ट होते. २००१ पासून दशकाहून अधिक काळ चाललेल्या 'चार दिवस सासूचे'पासून आजच्या मालिकांपर्यंत घरावर हुकमत चालवणाऱ्या व्यक्तिरेखांची कमतरता नाही. त्यांपैकी ज्या प्रेक्षकांच्या मनात घर करतात त्या पाहाव्यात. घरातील सर्वांच्या आधी उठणारी, सर्वांच्या नंतर जेवणारी, संकटात स्वतः पुढे होणारी सासू कितीही करडी असली तरी प्रेक्षक तिच्या बाजूला उभा राहतो. दागिने घालून सोफ्यावर बसून सुनांवर ओरडणारी त्याला नकोशी होते. दोघींच्या आवाजाची पट्टी एकच असते. फरक असतो तो स्वतः काय सोसले याचा. आपल्या घरांतील आजीची सत्ताही अशीच होती. तिने 'असे करायचे' म्हटले की तसे होत असे, कारण सगळ्यात कष्टाचे काम तिने आधी स्वतःकडे घेतलेले असे.

आज्ञा आणि अंकुश

तिसरी बाब चंद्रगुप्ताची. ज्याला सतत आज्ञा ऐकाव्या लागतात, त्याचे काय होते, या कसोटीवर आज्ञा देणाऱ्याची परीक्षा झाली पाहिजे. त्याच तिसऱ्या अंकात शरद ऋतूतील कौमुदी महोत्सव साजरा करण्याची आज्ञा चंद्रगुप्ताने दिली आहे आणि चाणक्याने ती परस्पर मोडली आहे. दोघांत कडाक्याचे भांडण होते. चाणक्य मंत्रिपदाचे शस्त्र टाकून निघून जातो. यापुढे राज्यकारभार आपण स्वतः पाहू, अशी घोषणा चंद्रगुप्त करतो. हे सारे भांडण बनावट असते, शत्रूला फसवण्यासाठी चाणक्यानेच रचलेले. पण त्यातील भावना बनावट नाही. गुरूच्याच आज्ञेवरून गुरूचा खोटा अवमान करतानाही आपल्याला जमिनीत शिरावेसे वाटते, असे चंद्रगुप्त मनाशी म्हणतो.

त्याहून महत्त्वाचा विचार तो त्याआधी बोलून गेला आहे. शिष्य नीट वागत असतो तोवर त्याला कोणी अडवत नाही, मोहाने तो वाट सोडू लागला की गुरू अंकुश होतो, असा त्याचा आशय. हत्तीला अंकुश टोचतो तो वळण चुकल्यावर. पावलोपावली अंकुश टोचणारा माहूत हत्तीला चालवू शकत नाही, चवताळवतो. परंपरेतील चंद्रगुप्त हा खेळात राजा होणारा एक मुलगा. त्या मुलाच्या अंगचे राजेपण चाणक्याने ओळखले, तक्षशिलेत त्याला घडवले आणि पुढे करून स्वतः मागे उभा राहिला. त्याच्या आज्ञांचे फळ म्हणून एक स्वतंत्र, समर्थ माणूस उभा राहिला. अधिकार गाजवणाऱ्या इतर अनेकांच्या आज्ञांचे फळ म्हणजे हुकमाची वाट पाहणारी माणसे. या दोन फळांवरून दोन झाडे ओळखता येतात.

परंपरा ज्या कौटिल्याला चाणक्य मानते, त्याच्या 'अर्थशास्त्रा'तही हाच विवेक आहे. म्हैसूरच्या शामशास्त्रींनी १९०९ साली हा ग्रंथ प्रकाशात आणला आणि पुढे रा. पं. कंगले यांनी सिद्ध केलेली त्याची चिकित्सक आवृत्ती १९६० ते १९६५ या काळात मुंबई विद्यापीठाने तीन भागांत प्रसिद्ध केली. दंडाविषयी बोलताना कौटिल्य तीन प्रकार सांगतो. तीक्ष्णदंड राजाला प्रजा कंटाळते. मृदुदंड राजाला ती जुमानत नाही. यथार्हदंड, म्हणजे ज्याला जेवढे योग्य तेवढेच शासन करणारा राजा पूज्य होतो. काम-क्रोधाने किंवा अज्ञानाने वापरलेला दंड वानप्रस्थ आणि संन्यासी यांनाही संतप्त करतो, मग गृहस्थांची काय कथा, असेही तो बजावतो. संन्यासीही चिडतात, हे वाक्य सार्वजनिक काम करणाऱ्या प्रत्येकाने भिंतीवर लावावे असे आहे. निरपेक्ष वृत्तीने काम करणारा कार्यकर्ता काहीही ऐकून घेईल, हा समज कौटिल्याने किती पूर्वी खोडून ठेवला आहे!

सल्लामसलतीबद्दलही त्याचे म्हणणे स्पष्ट आहे. राजाने तीन किंवा चार मंत्र्यांशी विचार करावा. एकट्याशीच केला तर अवघड प्रसंगी निर्णय लागत नाही आणि तो एकटा मोकाट सुटतो. जे मंत्री जवळ नाहीत त्यांचे मत पत्र पाठवून मागवावे. कोणालाही तुच्छ लेखू नये, शहाणपणाचे बोलणे लहान मुलाचे असले तरी घ्यावे. जो चाणक्य आज ध्वनिचित्रफितींमधून केवळ गर्जना करताना दिसतो, त्याच्या नावावरील ग्रंथ राजाला ऐकायला शिकवतो. ऐकतानाची दृश्ये मात्र कोणी कापून पुढे पाठवत नाही.

सौम्यपणा हा उपाय आहे काय?

मग गोड बोलणारा, कोणाला न दुखावणारा नेता बरा, असा निष्कर्ष काढावा काय? दूरदर्शननेच त्याचे उत्तर 'चाणक्य'च्या आधी दिले होते. १९८८ ते १९९० या काळात बी. आर. चोप्रा यांच्या 'महाभारत' मालिकेत मुकेश खन्ना यांनी साकारलेले भीष्म सर्वांना प्रिय होते. धीरगंभीर, ज्ञानी, त्यागी. त्यागात ते चाणक्याहून तसूभरही कमी नाहीत. पण द्यूतसभेत कुलवधूची विटंबना होत असताना 'थांबा' ही एक आज्ञा देण्याची वेळ आली, तेव्हा धर्माची गती सूक्ष्म आहे, असे म्हणून ते थांबले. त्या क्षणी तेथे थोडा 'हुकमी' मनुष्य हवा होता. विदुर बोलला, विकर्ण बोलला. पण ज्यांच्या शब्दाला वजन होते ते बोलले नाहीत.

तेव्हा आज्ञा देणे हा दोष नाही. वेळेवर न दिलेली आज्ञाही कुळाचा नाश करते. घर, शाळा, पतपेढी, गणेशोत्सव मंडळ काहीही असो, कोणीतरी ठामपणे 'हे होणार नाही' असे म्हणावे लागते आणि म्हणणाऱ्याला त्या वेळी वाईटपणा घ्यावा लागतो. तो वाईटपणा कशासाठी घेतला आणि किती वेळा घेतला, हा प्रश्न आहे.

आवाज उचलला, झोपडी राहिली

आज चाणक्याचे अनुकरण होते ते त्याच्या आवाजाचे. गावोगावच्या संस्थांमध्ये याची उदाहरणे सापडतील. एखादी व्याख्यानमाला असते. पंचवीस-तीस वर्षे एकच कर्तबगार गृहस्थ ती चालवतात. वक्ता तेच ठरवतात, सतरंज्या कोठे घालायच्या तेही तेच सांगतात, आभार कोणी मानायचे तेही. मंडपात त्यांचा शब्द शेवटचा. त्यांच्या निष्ठेबद्दल कोणालाही शंका नसते. पण हाताशी आलेला प्रत्येक तरुण दोन वर्षे राबून नाहीसा होतो. 'हल्लीच्या मुलांना चिकाटी नाही' अशी त्याची संभावना होते. मग एके वर्षी त्या गृहस्थांची प्रकृती बिघडते आणि लक्षात येते की, ध्वनिक्षेपकवाल्याशी बोलायचे कोणी, हेही दुसऱ्या कोणाला ठाऊक नाही. पुढच्या वर्षी व्याख्यानमाला होत नाही. कोणीही वाईट वागलेले नसते. तरी एक चांगले काम बंद पडते.

निघून गेलेल्या त्या तरुणांचा हिशेब कोणत्याही अहवालात नसतो. अहवालात कार्यक्रमांची संख्या असते, उपस्थिती असते, निधी असतो. 'यंदा आमच्या बोलण्याने किती जण दुरावले' हा रकाना नसतो. त्यांपैकी बहुतेक जण भांडून जात नाहीत. ते परीक्षेचे, नोकरीचे, घरच्या अडचणीचे कारण सांगतात. समजूतदार माणसे अशीच जातात. समाजाच्या कामातून समजूतदार माणसे निघून जाणे, याहून मोठे नुकसान कोणते?

येथे चाणक्यभक्त एक आक्षेप घेतील. ध्येय मोठे असले म्हणजे माणसांच्या रागलोभाचा विचार करत बसता येत नाही, चाणक्यानेही केला नाही. हे अर्धसत्य आहे. युद्धाच्या प्रसंगी त्याने कपट केले, बनावट पत्रे वापरली, माणसांना सोंगट्यांसारखे हलवले, हे नाटकात आहेच. पण ते शत्रुपक्षाशी. शत्रूसाठी राखून ठेवलेली नीती आपल्याच घरात आणि आपल्याच सहकाऱ्यांवर वापरणे याला चाणक्यनीती म्हणत नाहीत. शिवाय शत्रूशीही त्याने अखेर काय केले, हे पाहणे आवश्यक आहे.

शिखा बांधण्याचा क्षण

नंदांचा निष्ठावान अमात्य राक्षस हा चाणक्याचा कट्टर प्रतिस्पर्धी. चंदनदास नावाच्या रत्नांच्या व्यापाऱ्याने त्याच्या कुटुंबाला आश्रय दिला आणि त्यापायी वधस्तंभाकडे जाणे पत्करले. मित्राला वाचवण्यासाठी राक्षस स्वतः पुढे येतो. तेव्हा त्याला पकडून संपवण्याची पूर्ण संधी चाणक्याच्या हाती असते. तो काय करतो? मंत्रिपदाचे शस्त्र राक्षसाच्या हाती देतो. शत्रूकडील मलयकेतूला त्याचा पित्याचा प्रदेश परत मिळतो. चंदनदास नगरश्रेष्ठी होतो. बंदी सोडले जातात. आणि मग चाणक्य आपली शिखा बांधतो.

साऱ्या कथेचा भार या प्रसंगावर आहे. आयुष्यभर आज्ञा देणारा मनुष्य आपले आसन रिकामे करतो. तेही आपल्या हो ला हो म्हणणाऱ्या शिष्यासाठी नाही. ज्याने शेवटपर्यंत विरोध केला, पण ज्याची निष्ठा आणि योग्यता त्याने पारखली होती, त्या माणसासाठी. राज्य टिकायचे तर असा मनुष्य राज्याच्या बाजूला हवा, एवढाच त्याचा हिशेब. आपण किती काळ बसलो आणि आपल्यानंतर आपले नाव राहील काय, हे त्याच्या हिशेबात नाही. मागे वळून पाहिल्यावर त्याच्या सर्व गर्जनांचा अर्थ या एका कृतीने बदलतो. पदाला चिकटलेला चाणक्य आपण कल्पून पाहावा. तेच शब्द, तोच आवाज, तीच बुद्धी. तो आपल्याला क्षणभरही आवडणार नाही. तो दुसरा धननंद वाटेल.

म्हणून मूळ प्रश्नाचे उत्तर असे देता येईल. हुकमी माणूस त्याच्या हुकमामुळे कधीच आवडत नाही. पडद्यावरही नाही. त्याने स्वतःवर चालवलेला हुकूम दिसला, त्याच्या आज्ञेतून घडलेली माणसे दिसली आणि वेळ येताच तो उठून जाताना दिसला, तर त्याचा करडेपणा आपण विसरतो, किंबहुना पुढे त्याचीच आठवण काढतो. या तीन गोष्टी नसतील तर उरतो तो केवळ चढलेला आवाज.

घरातील कर्ता पुरुष असो, गृहिणी असो, मुख्याध्यापक असो वा एखाद्या लहानशा शाखेचा, मंडळाचा, संस्थेचा प्रमुख असो, ज्याच्या हाती आज्ञा देण्याचे काम आले आहे, त्याने अधूनमधून स्वतःला विचारावे. मी सांगितलेल्या कामातील सर्वांत अवघड वाटा मी उचलला आहे काय? गेल्या वर्षी माझे म्हणणे कोणी खोडले आणि ते मी मान्य केले, असे एकदा तरी घडले काय? उद्या मी आलो नाही, तर हे काम कोण करील, त्याचे नाव मला सांगता येते काय? या प्रश्नांची उत्तरे समाधानकारक असतील, तर थोडे कडक बोललेले सहकारी मनावर घेणार नाहीत. नसतील, तर चाणक्याची ध्वनिचित्रफीत दुसऱ्याला पाठवण्यापूर्वी एकदा त्याचे ते वाकलेले छप्पर डोळ्यांसमोर आणावे. आचार्यांचा दरारा त्या छपराखाली तयार झाला होता.